मोल्ड : 'यू'सकट की 'यू'विना?

इनप्लांट ट्रेनिंगला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत होतो. भिंतीवरच्या तक्त्यावर 'मोल्ड'च्या स्पेलिंगमध्ये यू होता, अमेरिकन गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर गायब! दोन्ही बरोबर. यू ब्रिटिशांचा, नोआ वेबस्टरने १८२८च्या डिक्शनरीत तो गाळला. 'गोल्ड', 'कोल्ड'ला यू नाही, मग इथंच कशाला? (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हे बोलायची सोय नव्हती.)

खरी गंमत म्हणजे हा एक शब्द नव्हेच, तीन आहेत. फाउंड्रीतला साचा लॅटिन 'मोड्युलस', म्हणजे छोटं माप, यावरून फ्रेंचमार्गे आला. म्हणजे गिअरचं मॉड्यूल, यंग्ज मोड्युलस आणि मॉडेल ही सगळी त्याची भावकी! पावसाळ्यात होस्टेलच्या ब्रेडवर येते ती बुरशी, हिचं मूळ वेगळं. फ्लेमिंगना १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडलं ते हिच्यामुळंच. तिसरा अर्थ भुसभुशीत माती; हा अस्सल जुना इंग्रजी.

आता कामाचं. रिपोर्टमध्ये कुठलंही एक स्पेलिंग धरा, पण शेवटपर्यंत तेच. गिऱ्हाइकाच्या पार्टचं नाव मात्र ड्रॉइंगवर आहे तसंच उतरवा. साधा सर्च अक्षरं जुळवतो, अर्थ नाही. यू-विना नोंदवलेलं यू घालून शोधलं की 'नाही' म्हणतो, आणि पोरं रॅकभर हुडकत बसतात.

वर्कशॉपमधल्या बेंच व्हाइसचंही तेच. ब्रिटिश 'सी' लावतात, अमेरिकन 'एस'. तिकडं 'सी'चा व्हाइस म्हणजे दुर्गुण! इंडेंट भरताना तेवढं बघा.