रॅप कमी, प्रेम जास्त!

२००३ साली अटलांटाच्या आउटकास्ट या हिप-हॉप जोडीने डबल अल्बम काढला. एक डिस्क बिग बॉयची, दुसरी आंद्रे ३०००ची. आंद्रेची ‘द लव्ह बिलो’ प्रेम शोधत फिरणाऱ्या माणसाची, आणि तिच्यात रॅप जेमतेम. फंक, जॅझ, नोरा जोन्ससोबत एक हळुवार गाणं. मधेच तो देवाकडे जोडीदारीण मागतो आणि देव निघतो बाई! चाहत्यांची या डिस्कवरून आजही जुंपते. काहींना हा हिप-हॉपच वाटत नाही, काहींना पाल्हाळ वाटतो (थोडा आहेच). याच डिस्कवरच्या ‘हे या!’वर नाचणाऱ्या अनेकांना ते विरत चाललेल्या नात्याचं गाणं आहे याचा पत्ताच नसतो. २००४ मध्ये या डबल अल्बमने सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी पटकावलं. ‘द लव्ह बिलो’च्या शेवटच्या ट्रॅकवर मात्र आंद्रे पाचेक मिनिटं नुसता रॅप करतो. निदान तेवढा तरी ऐकाच.