प्रभावतीच्या लेकीचं तळं

रामटेकच्या गडावर जाणारे बहुतेक जण राम-लक्ष्मणाचं दर्शन घेतात, माकडांपासून प्रसाद वाचवतात आणि कालिदास स्मारक पाहून उतरतात. वाटेवरच्या केवल-नरसिंहाच्या देवळात शिरणारे थोडे. लाल वालुकाश्मातली ती मूर्ती एक गुडघा उभा धरून बसलेली आहे, आणि तिच्या देवळाची भिंतच या सगळ्या परिसराचा सर्वांत मोलाचा कागद आहे.

विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात या भिंतीवरचा गिलावा निघाला, तेव्हा खालून ब्राह्मी अक्षरं वर आली. अरविंद जामखेडकरांनी त्या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. पुढे 1993 साली हान्स बाकर आणि हरुनागा आयझॅक्सन यांनी त्याचं सविस्तर वाचन छापलं. लेख बराच खराब झाला आहे, अनेक ठिकाणी अक्षरं उडाली आहेत. तरी या दोघांच्या वाचनातून जे दिसतं ते विलक्षण आहे: वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता वारल्यावर तिच्या लेकीनं आईच्या पुण्यासाठी विष्णूचं देऊळ बांधलं, देवाला ‘प्रभावतीस्वामी’ हे आईचंच नाव दिलं आणि बांध घालून एक तळंही करवलं. तळ्याचं नाव सुदर्शन. गिरनारच्या पायथ्याशी याच नावाचं तळं होतं, आणि पाचव्या शतकात गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यानं त्याचा फुटलेला बांध पुन्हा बांधला होता. विदर्भातल्या या लेकीचं आजोळ गुप्तांचंच.

प्रभावती ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा रुद्रसेन लवकर गेला आणि मुलं लहान, म्हणून राज्य तिनंच चालवलं. तिचा एक ताम्रपट पुण्यातल्या एका तांबटाकडे सापडला. ज्या घरात तांबं वितळवणं हा रोजचा धंदा, तिथे तो शाबूत राहिला, हे मराठी इतिहासाचं भाग्यच. हा ताम्रपट नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून दिलेला आहे. त्यात वंशावळ सुरू होते ती माहेरच्या गुप्तांपासून, आणि गोत्रही ती बापाचंच सांगते: धारण.

दुसरा ताम्रपट महानुभावांच्या रिद्धपूरचा. तो रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामीच्या पायांशी बसून दिलेला. त्यातल्या एका समासानं अभ्यासकांना बराच काळ भांडत ठेवलं. राणी शंभर वर्षांहून अधिक जगली, असं काहींनी वाचलं. मुलानातवंडांसह शतायुषी होण्याचा तो निव्वळ आशीर्वाद आहे, असं इतरांनी. दुसरं मतच सयुक्तिक वाटतं. वा. वि. मिराशींनी 1963 साली वाकाटकांचे लेख एका खंडात आणले, म्हणून निदान ही भांडणं एका ठिकाणी वाचता येतात.

नगरधनचा उभा किल्ला बराच नंतरचा. पण 2015 ते 2018 या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी तिथे उत्खनन केलं आणि मातीतून प्रभावतीचीच मुद्रा निघाली: लंबगोल, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची, वजन साडेसहा ग्रॅमच्या आत. वर शंख आणि राणीचं नाव. ताम्रपटात जिचा हुकूम वाचला, तिच्या कारभाराचा ठसा राजधानीच्याच मातीत मिळाला.

रामटेकच्या पश्चिमेला मनसर. जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या उत्खननात तिथे विटांचं भव्य देवस्थान निघालं आणि ‘प्रवरेश्वर’ या नावाच्या मुद्रा मिळाल्या. ही प्रभावतीच्या मुलाची, दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं एक मत. नागार्जुनाशी जोडलेलं बौद्ध स्थळ, असं दुसरं. एका टेकडीवर दोन परंपरा नांदू शकतात. वादाच्या भरात विटा मात्र पावसात उघड्या पडू नयेत. शेजारून राष्ट्रीय महामार्ग जातो, आणि मनसरलाच मँगेनीजची खाणही आहे.

केंद्रीय संरक्षित वास्तूभोवती कायदा 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र आखतो. हे कुंपण आवश्यक आहे, पण ते एकेका वास्तूपुरतं. गडावरचं देऊळ, खालची राजधानी, पलीकडचं मनसर, तळी, पानमळे यांना जोडणारी जमीन त्याच्या बाहेरच राहते. युनेस्कोनं ‘सांस्कृतिक भूदृश्य’ हा प्रकार 1992 साली मान्य केला. 2025 च्या जुलैमध्ये शिवछत्रपतींचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेही ‘मराठा लष्करी भूदृश्य’ या नावानं; किल्ला आणि त्याचा मुलूख वेगळे काढता येत नाहीत, हे त्यात मानलं गेलं.

रामटेकसाठीही असाच एक नकाशा हवा. गड, नगरधन आणि मनसर एका आराखड्यात यावेत, खाणीची आणि बांधकामाची परवानगी देताना तो समोर असावा, आणि पाण्याच्या जुन्या वाटा त्यात सर्वांत आधी उतराव्यात. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर त्रिपूर पेटतो आणि भोवतालच्या गावांतून लोक जमतात. त्यांच्या येण्याच्या वाटाही त्या नकाशावर असाव्यात. आणि ज्या तळ्यासाठी एका मुलीनं बांध घातला, त्याची जागा जमिनीवर शोधायला पुरातत्त्वज्ञांसोबत पाटबंधाऱ्याचे अभियंते आणि तिथले शेतकरी बसावेत.