रंगांची विश्वासार्हता

महाराजा फत्तेसिंग संग्रहालयातील राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे आणि घरोघरीच्या देवघरांत पोहोचलेली त्यांची छापील चित्रे यांतील रंगभेद बडोदेकरांना परिचित आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मांच्या छापखान्यात निरनिराळ्या रंगांसाठी स्वतंत्र दगड वापरीत. शाई व कागद बदलला की छटा बदलत असे. आजचे कॅमेरे व मॉनिटरही लाल, हिरवा व निळा यांच्या आकड्यांतून रंग घडवितात. परंतु त्याच आकड्यांचा अर्थ प्रत्येक यंत्र आपापल्या परीने लावते.

चित्रकलेत हा भेद रसभंग करील; वैद्यकात निदान बिघडवील. कावीळ, पंडुरोग, ओठांवरील निळेपणा, जखमेभोवतीची लाली ही सारी रंगांवरून ओळखावयाची लक्षणे. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि छायाचित्र पाहून सल्ला देणे सर्वमान्य झाले. मात्र पिवळ्या दिव्याखाली निरोगी डोळाही पिवळा भासतो, तर कॅमेऱ्याचा स्वयंचलित 'व्हाइट बॅलन्स' खरा पिवळेपणा पुसट करू शकतो. सावळ्या त्वचेवर लाली मुळातच मंद दिसते. तेथे फसगतीचा संभव अधिक.

यावर उपाय दोन टप्प्यांचा आहे. वजनकाट्याचे शून्य जुळविणे म्हणजे कॅलिब्रेशन. त्यानंतरही काटा किती चुकतो याची नोंद ठेवणे म्हणजे प्रोफाइलिंग. मॉनिटरवर कलरिमीटर टेकवून ज्ञात रंग मोजले जातात आणि फरकाची नोंद 'प्रोफाइल'मध्ये होते. या नोंदीचा सर्वमान्य नमुना १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कलर कन्सॉर्टियमने घडविला. कॅमेऱ्यासाठी २४ चौकोनांचा रंगतक्ता त्याच प्रकाशात टिपतात. क्ष-किरण चित्रांच्या करड्या छटांसाठी डायकॉमचे प्रमाण आहे. त्वचेच्या रंगाला ते लागू पडत नाही.

दवाखान्यात एवढे सहज करता येईल: छायाचित्र खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात घ्यावे, चौकटीत एका कडेला करडे कार्ड ठेवावे, पडद्याचा 'नाइट मोड' बंद करावा, मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा व ठरावीक काळाने पुन्हा तपासावा.

एवढे करूनही शंका उरल्यास रुग्णास प्रत्यक्ष बोलावून उजेडात पाहावे. नवजात बालकाच्या काविळीत तर नुसत्या डोळ्यांचा अंदाजही अपुरा ठरतो. तेथे बिलिरुबिनची तपासणी करून घेणेच इष्ट.