मे महिन्यातला मनी प्लँट

आमच्या जळगावच्या घरात पश्चिमेच्या खिडकीत आम्ही आता काहीच ठेवत नाही. दोन वर्षांपूर्वी तिथे मनी प्लँटची कुंडी होती. अम्मींच्या जुन्या घराची ती शेवटची खूण. गल्लीतले ते घर विकले तेव्हा भांडी, पेट्या, पलंग सगळे भावंडांत वाटले गेले. अम्मींनी स्वतःसाठी फक्त काचेच्या बाटलीतली ही वेल मागून घेतली आणि इथे आल्यावर ती कुंडीत लावली.

त्या मे महिन्यात बुलढाण्याला नात्यातले लग्न होते. घर आठ दिवस बंद राहणार होते. वेलीला उजेड मिळावा म्हणून आम्ही कुंडी खिडकीत सरकवली आणि तिला तहान लागू नये म्हणून खालची बशी काठोकाठ भरून ठेवली. परतलो तेव्हा काचेजवळची पाने भाजून तपकिरी झाली होती, बाकीची पिवळी पडून लोंबत होती. वेल सुकली असे समजून आम्ही आणखी तांब्याभर पाणी ओतले. चार दिवसांनी मातीला कुबट वास येऊ लागला. अम्मी काहीच बोलल्या नाहीत. ओढणीच्या टोकाने कुंडीवरची धूळ पुसत राहिल्या.

शेजारच्या खालांनी कुंडी उलटी करून दाखवली. मुळे काळी, लिबलिबीत झाली होती. त्या म्हणाल्या, "बेटा, ही तहानेनं नाही गेली, पाण्यानं गेली." मुळे कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही, म्हणून वेल तहानलेल्या झाडासारखीच माना टाकते. आपण पुन्हा पाणी घालतो आणि उरलेली मुळेही कुजतात. उन्हाळ्यात बहुतेक घरांत हीच चूक होते.

ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटाची. तिथे ती मोठ्या झाडांच्या सावलीत, दमट हवेत, खोडांना मुळ्यांनी चिकटून वर चढते. उष्णता तिला नवी नाही, पण थेट ऊन आणि कोरडी झळ सोसत नाही. आपल्या खानदेश, विदर्भ, मराठवाड्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि हवेत ओलावा नसतो. तेव्हा घरात या वेलीची जागा ठरवताना त्या बेटावरच्या झाडाखालची सावली डोळ्यांसमोर आणावी.

पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे कोवळे ऊन चालते. दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीपासून कुंडी चार-पाच फूट आत असावी किंवा मध्ये जाडसर पडदा असावा. वर स्लॅब तापत असेल तर लोंबती कुंडी छताजवळ टांगू नये, कारण खोलीतली सर्वांत गरम हवा तिथेच असते. एसीचा किंवा पंख्याचा झोत सरळ पानांवर येऊ देऊ नये. मात्र अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे पुसट होतात आणि दोन पानांमधले अंतर वाढून वेल उघडी दिसू लागते.

पाणी घालताना वार पाहू नये, माती पाहावी. बोट दोन पेरे आत घालावे. माती कोरडी लागली तरच भरपूर पाणी घालावे, खालून निथळू द्यावे आणि बशीतले पाणी ओतून टाकावे. कुंडीला भोक हवेच. आमच्याकडे मे महिन्यात तीन-चार दिवसांनी पाणी लागते, थंडीत आठ-दहा दिवस लागत नाही. रत्नागिरी, रायगडकडच्या भगिनींनी पावसाळ्यात याहूनही हात आखडता घ्यावा. वुजूचे बिनसाबणाचे पाणी बादलीत धरले तर ते या कामी येते. बोअरचे पाणी खारे असेल तर मातीवर पांढरा थर जमतो. तेव्हा महिन्यातून एकदा साध्या पाण्याने माती धुऊन काढावी.

माती घट्ट नसावी. निम्मी बागेतली माती, बाकी कोकोपीट, थोडी जाड वाळू आणि गांडूळखत पुरते. खत पावसाळ्यात द्यावे, कडक उन्हाळ्यात देऊ नये. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पाने पुसली की धूळही जाते आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा मिलीबग बसला असेल तर तोही वेळीच दिसतो. तो सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून काढावा.

बाटलीत वेल ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. डेंगू पसरवणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. म्हणून दर आठवड्याला पाणी बदलावे. नुसते ओतून भागत नाही, कारण अंडी बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात. बाटली आतून घासून धुवावी. कुंडीखालच्या बशीलाही हाच नियम.

घरात रांगते मूल असेल तर वेल त्याच्या हाताला लागू नये. मनी प्लँट अळूच्याच कुळातला आहे. कच्च्या अळूने घशाला जी खाज सुटते, तेच सुईसारखे बारीक कण याच्या पानांत आणि देठांतही असतात. मुलाने पान चावले तर तोंडातला तुकडा काढून तोंड पाण्याने पुसून घ्यावे. सूज आली किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठावा. छाटलेल्या वेली मांजरापुढे टाकू नयेत, बकरी ईदसाठी आणलेल्या बकऱ्यालाही घालू नयेत.

या वेलीने घरातली हवा शुद्ध होते असे सांगून ती विकली जाते. 1989 मध्ये नासाने असे प्रयोग केले होते, पण ते हवाबंद पेटीत. राहत्या घरात तेवढा परिणाम साधायला खोलीभर झाडे भरावी लागतील. त्यापेक्षा सकाळी दोन खिडक्या उघडाव्यात. दुसरी समजूत अशी की ही वेल पैसा आणते आणि चोरून लावली तरच वाढते. रिज्क देणारा अल्लाह आहे, वेल नव्हे. आणि दुसऱ्याच्या अंगणातून न विचारता तोडलेली फांदी ही चोरीच, मग ती कितीही छोटी असो.

आमची वेल मात्र पूर्ण गेली नव्हती. खालांनी सगळी कुजकी मुळे कापून टाकली आणि तीन हिरव्या गाठी असलेला वीतभर तुकडा शोधून काढला. पानाचा देठ वेलीला जिथे जोडलेला असतो तिथे गाठ असते आणि मूळ त्या गाठीतूनच फुटते. नुसते पान पाण्यात ठेवले तर त्याची वेल होत नाही. गाठीच्या थोडे खाली कापून, खालचे पान काढून तो तुकडा त्यांनी अम्मींच्या त्याच जुन्या बाटलीत ठेवला. तीन आठवड्यांनी पांढरी मुळे दिसली. पहिला पाऊस पडल्यावर आम्ही तो कुंडीत लावला.

आज ती वेल पूर्वेच्या खिडकीजवळ आहे. शेंडे खुडत गेल्याने दाट झाली आहे. यंदा मे महिन्यात पुन्हा चार दिवस बाहेरगावी जायचे होते. निघण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहिले, बशी रिकामी केली आणि किल्ली खालांकडे दिली. खुडलेल्या शेंड्यांच्या बाटल्या अम्मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीने ठेवतात. कुणी मागितली की देतात आणि सोबत बजावतात, "दर जुम्म्याला पाणी बदलायचं, विसरायचं नाही."