डिझेल खाणारे जिवाणू खाऱ्या जमिनीत टिकतात का?

रिद्धपूर : शेतातल्या इंजिनजवळ डिझेल सांडलं की काळ्या मातीवरचा डाग लवकर जात नाही. इथून दर्यापूर, भातकुलीकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात गेलं, तर अडचण वाढते. माती चिकण, त्यात भूजलही खारं.

डिझेल म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. काही जिवाणू त्यांना ऑक्सिजन जोडून त्या तोडतात आणि त्यावरच जगतात. पण हे एकट्याचं काम नाही. समुद्रातला अल्कॅनिव्होरॅक्स साखळ्या खातो, सायक्लोक्लास्टिकस वलयाच्या रेणूंना हात घालतो. काही जण साबणासारखा पदार्थ सोडून तेलाचे बारीक थेंब करतात.

मग मिठाचं काय? मीठ लावलेल्या कैरीच्या फोडीला पाणी सुटतं, तसं साध्या जिवाणूच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मीठ सोसणारे जिवाणू एक्टोइनसारखे रेणू साठवून ते रोखतात. त्यामुळे विकतच्या पाकिटापेक्षा त्याच मातीतले जिवाणू अनेकदा जास्त कामाचे.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही जहाजं धडकली. सुमारे 800 टन तेल सांडलं. किनाऱ्याच्या सफाईत ‘टेरी’चं ऑइलझॅपर हे जिवाणूमिश्रण वापरलं गेलं.

शेतात काय करायचं? डाग पाण्यानं धुऊ नका, तेल खाली झिरपतं. माती उकरून मोकळी करा, शेणखत मिसळा, हलकी ओल ठेवा. जिवाणूंना हवा, नत्र आणि स्फुरद लागतं. खारं पाणी मात्र ओतू नका. विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येत असेल, तर आधी ते पिणं थांबवा आणि तपासणीला द्या.