गाळ काही विसरत नाही

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

चिखली तालुक्यातलं उंद्री असो की बुलडाणा जिल्ह्यातलं दुसरं एखादं गाव, उन्हाळ्यात तळं आटलं की गाळाच्या ट्रॉल्या शेताकडे निघतात. हलक्या रानावर गाळाचा थर पडला की जमीन ओल धरते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे २०१७पासून या कामाला बळ मिळालं. काम चांगलंच आहे. पण गाळाबरोबर शेतात आणखी काय येतं, हेही एकदा विचारायला हवं.

पावसाचं पाणी शिवार, रस्ते, गटारं धुऊन तळ्यात येतं. फुटक्या बॅटरीतलं शिसं, जुन्या रंगांतलं शिसं नि क्रोमियम, फॉस्फेट खतांबरोबर अल्प प्रमाणात येणारं कॅडमियम मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतं. शेण कुजतं, पालापाचोळा कुजतो. धातू मात्र कुजत नाही. म्हणून नितळ पाण्यावर जाऊ नये. खरा हिशेब गाळात असतो.

याच जिल्ह्यातलं लोणार सरोवर २०२०मध्ये ‘रामसर’च्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या त्या विवरात पाणी उतरतं, पण वाहून बाहेर पडत नाही. पाण्याची वाफ होते, त्यातून आलेलं मागे राहतं. आपलं गावतळंही थोड्याफार फरकानं असंच.

मग गाळात धातू सापडला की धोका आलाच का? तसं नाही. आपली काळी माती काळ्या पाषाणापासून, बेसाल्टपासून झाली. त्या दगडात तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच असतं. म्हणून आधी मूळ पातळी बघायची: तळ्यातला खोलवरचा जुना थर, किंवा जवळच्या न कसलेल्या रानातली माती.

लार्स हाकानसन या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९८०मध्ये एक सोपी रीत मांडली. आजचं प्रमाण मूळ प्रमाणाच्या किती पट आहे ते काढायचं आणि त्याला त्या धातूच्या विषारीपणाच्या अंकानं गुणायचं. जस्ताचा अंक १, शिशाचा ५, कॅडमियमचा ३०, पाऱ्याचा ४०. शिसं दुप्पट झालं तर उत्तर १०. कॅडमियम दुप्पट झालं तर ६०. चाळीसच्या आत धोका कमी, त्यापुढे सावध व्हायचं. ही रीत तळ्यांच्या गाळासाठी आहे. ती इशारा देते, अंतिम निकाल नव्हे.

आणखी एक गोष्ट. पाण्याखालच्या गाळात हवा नसते. तिथं गंधकाशी बांधले गेलेले धातू सहसा विरघळत नाहीत. गाळ उपसून वाळवला, त्यात हवा शिरली, की ही गाठ सैल होऊ शकते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत कॅडमियम बरंचसं अडकून राहतं, हे आपलं भाग्य. पण भाग्यावर किती विसंबायचं? जपानमध्ये जिंझू नदीच्या पाण्यावरच्या भातखाचरांत खाणीतलं कॅडमियम साचलं. तो भात खाऊन माणसांची हाडं ठिसूळ झाली. वेदनेनं कण्हणाऱ्यांवरून त्या रोगाचं नाव पडलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. हा रोग प्रदूषणामुळेच झाला, हे सरकारनं १९६८मध्ये मान्य केलं.

आपल्याकडे तसं काही झालं आहे, असं मी म्हणत नाही. म्हणायचं ते एवढंच, की मृद आरोग्य पत्रिकेत जस्त, तांबं, लोह, मँगनीज दिसतं. शिसं नि कॅडमियम दिसत नाही. ते प्रयोगशाळेकडून वेगळं तपासून घ्यावं लागतं. त्यासाठी गटार जिथं तळ्याला मिळतं आणि जिथं मूर्तिविसर्जन होतं, तिथला नमुना वेगळा काढा. अहवाल येईपर्यंत तेवढा गाळ शेतात, निदान मेथी-पालकाच्या वाफ्यात तरी, टाकू नका. बाकीचा गाळ खुशाल न्या. आणि गटाराचं तोंड तळ्यापासून वळवा, कारण शेतात एकदा पसरलेला धातू पुन्हा वेचून काढता येत नाही.