एकट्याच्या ताटात कमी काय पडतं?

मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं भोकर हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तालुक्याच्या कुठल्याही गावासारखी इथेही एकट्याने जेवणारी माणसं दोन प्रकारची. एक, बदली होऊन आलेली. बँकेतले कर्मचारी, शिक्षक, नर्स, तलाठी. ज्यांना रोज नांदेडहून अप-डाऊन करणं जमत नाही आणि ज्यांचं कुटुंब शनिवार-रविवारपुरतं असतं. दुसरी, मागे राहिलेली. मुलं पुण्याला नाही तर हैदराबादला, जोडीदार गेलेला, घर मोठं आणि चूल एकाची. देशातल्या साठीपुढच्या शंभर माणसांत सुमारे 6 जण एकटे राहतात आणि त्यांत बायका जास्त, हे केंद्र सरकारच्या 2017-18च्या ज्येष्ठांच्या पाहणीत दिसलं होतं. या दोन्ही प्रकारच्या माणसांच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘एकट्यासाठी काय करायचं?’ ते इतकं साधं वाटतं, की त्यात काही गैरसमज असेल अशी शंकाही येत नाही. पण एकट्याच्या जेवणाबद्दलचे बहुतेक गैरसमज याच वाक्याच्या पोटात आहेत, आणि त्या सगळ्यांचा परिणामही एकच होतो. ताटातली भाकरी किंवा भात शाबूत राहतो आणि डाळ-भाजी गळते.

पहिला गैरसमज असा, की एकटा माणूस कमी खातो म्हणून त्याची आबाळ होते. बहुतेकदा तसं नसतं. सकाळी पोहे किंवा चहा-बिस्किटं, दुपारी भात आणि त्यावर पाण्यासारखं वरण, रात्री दूध-पोळी नाही तर पाकिटातले नूडल्स, असा एक दिवस मांडून पाहा. पोट भरलेलं आहे, पण तिन्ही वेळा भरलंय ते धान्याने. पोहे म्हणजे तांदूळ, बिस्किट म्हणजे साखर-तूप घातलेला मैदा, आणि नूडल्सही मैद्याचेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाच्या 2000 कॅलरींसाठी जे ताट सुचवलं आहे, त्यात धान्य 250 ग्रॅम, डाळी 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम आणि दूध-दही 300 मिलिलिटर आहे. वर मांडलेल्या दिवसात धान्याचा आकडा सहज गाठला जातो; डाळीचा पाव हिस्साही भरत नाही, आणि भाजीची जागा पोह्यातल्या कांद्याने भरून निघत नाही. याला एकटा माणूसच जबाबदार आहे असंही नाही. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसामागे महिन्याला 5 किलो मिळतं ते धान्य. डाळ त्या हक्कात नाही. 26 जानेवारी 2020ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण आणि 100 ग्रॅम भाजी ठरली. म्हणजे तिथेही निम्म्याहून जास्त वजन धान्याचंच. भुकेल्याला दहा रुपयांत एक वेळ जेवू घालणारी थाळी म्हणून ती उत्तम. फक्त स्वस्तात जेवायचं म्हटलं की आधी काय वाढतं आणि काय आखडतं, ते तिच्यावरून कळतं.

इथे तरुण नोकरदार म्हणेल, ‘म्हणूनच तर पावडर घेतो. वरण-भाकरीत कुठं प्रोटीन असतं?’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवं. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं 2020चं प्रमाण आहे. 60 किलोच्या माणसाला म्हणजे 50 ग्रॅम. आता हिशोब करू. दिवसभराच्या तीन भाकऱ्यांना 200 ग्रॅम ज्वारीचं पीठ धरलं तर त्यातून 20 ग्रॅम मिळतात. तुरीची कोरडी डाळ 60 ग्रॅम घेतली तर 13. शेंगदाण्याच्या चटणीतून 25 ग्रॅम दाणे गेले तर 6. दूध-दही मिळून 300 मिलिलिटर घेतलं तर 9 ते 10. बेरीज पन्नाशीला टेकते. वर एक अंडं घेतलं तर आणखी 6. शिवाय ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं, म्हणून भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव भरून काढतात. मग अडतं कुठे? वाटीत. पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ जेमतेम 15-20 ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं तीन-चार ग्रॅम. ‘वरण खाल्लं’ असं म्हणताना आपण वाटी मोजतो, डाळ मोजत नाही. एकट्या माणसाने मोजायची गोष्ट एकच: शिजवण्याआधीची डाळ. मोठ्या माणसाची एक भरली मूठ साधारण 40 ग्रॅमच्या आसपास जाते. अशा दोन मुठी दिवसाच्या. भोकरच्या आसपासच्या शेतांत सोयाबीन उभं असतं, ज्यात शंभर ग्रॅमला पस्तीसहून जास्त ग्रॅम प्रथिनं असतात, आणि ते बहुतेक सगळं तेलाच्या कारखान्यांकडे जातं. त्याच शेतकऱ्याचा नोकरीवरचा मुलगा डब्यातली पावडर विकत आणतो, हे मात्र गमतीशीर आहे.

हीच गोष्ट म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत उलट्या बाजूने घडते. ‘आता या वयात कशाला लागतं जास्त? चहात भिजवलेलं बिस्किट पुरे.’ वय वाढलं की हालचाल कमी होते आणि ऊर्जेची गरज घटते, इतपत खरं. प्रथिनांची गरज मात्र घटत नाही. स्नायू आधीच झिजत असतात, त्यात प्रथिनं तुटली की उठता-बसता तोल जातो, पडणं वाढतं. म्हणजे भूक कमी असेल तर ताटातून भात कमी व्हावा, वरण नाही. होतं नेमकं उलटं, कारण बिस्किट चावायला सोपं आणि भात गिळायला सोपा. दात नसतील तर घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी, मूगडाळीचं धिरडं, ताकातलं पिठलं हेही तितकंच मऊ असतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, त्यांचा हिशोब वेगळा.

आता मूळ हरकत. एकट्यासाठी चूल पेटवणं परवडत नाही, वेळ जातो, म्हणून मेसचा डबा किंवा पाकीट बरं. हे पंगतीच्या डोळ्यांनी बघणं झालं: दोन भाज्या, आमटी, कोशिंबीर, पोळी, भात, आणि ते सगळं एकाला. मराठवाड्याचं रोजचं स्वयंपाकघर मुळात असं नव्हतंच. भाकरी हा एकट्यासाठीच घडवलेला पदार्थ वाटावा असा आहे. काटवटीत एका भाकरीपुरतं पीठ मळायचं, थापायची, तव्यावर टाकायची. दहा भाकऱ्या करायच्या असल्या तरी एका वेळी थापली जाते ती एकच. तिच्यासोबतचं कोरड्यास बरंचसं आधीच तयार असतं: दाण्याची, कारळाची, जवसाची चटणी, ठेचा, आणि भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्यांचं येसर, जे पाण्यात कालवून फोडणीत उकळलं की दहा मिनिटांत आमटी होते. महिन्यातून एकदा करायचं आणि रोज करायचं, अशी वाटणी या स्वयंपाकात पूर्वीपासून आहे, आणि एकट्याला हवी असते ती हीच. मूग किंवा मसुराची डाळ तासभर भिजवली तर कुकरशिवायही अर्ध्या तासाच्या आत शिजते. फ्रिज असेल तर दोन दिवसांचं नुसतं वरण घट्ट शिजवून ठेवावं आणि लागेल तेवढंच काढून फोडणी द्यावी. पीठ मात्र थोडंच दळून आणावं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, आणि ‘मला भाकरी जमत नाही’ म्हणून माणूस ब्रेडकडे वळतो. दोष हाताचा नसून पिठाच्या वयाचा असतो. दिवसाला 200 ग्रॅम धरलं तर दोन किलो पीठ दहा दिवस पुरतं, तेवढं एका वेळी पुष्कळ.

शिळ्या अन्नाविषयी मात्र दोन परस्परविरोधी गैरसमज एकाच घरात सुखाने नांदतात. एक म्हणतो, शिळं म्हणजे विष. दुसरा म्हणतो, खळखळ उकळलं की सगळं मरतं. एकट्याच्या घरात उरणं रोजचंच असल्यामुळे याचा निकाल लावणं गरजेचं आहे. अन्न किती तासांचं आहे हे जितकं महत्त्वाचं, तितकंच त्यात पाणी किती आहे आणि ते किती उष्णतेत पडून होतं हेही. ज्वारीची भाकरी कोरडी असते. निवल्यावर फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवली तर दुसऱ्या सकाळी ती खुशाल खावी, कुटके करून फोडणीला घालावी, दह्यात किंवा ताकात कुस्करावी. निवताना तिच्यातल्या स्टार्चचा थोडा भाग असा बदलतो की तो सहज पचत नाही आणि तंतूसारखं काम करतो, हा वरचा फायदा. गरम भाकरी प्लास्टिकच्या डब्यात बंद केली तर मात्र वाफेचं पाणी होतं आणि पावसाळ्यात बुरशी लवकर धरते. बुरशीचा डाग दिसला की ती भाकरी टाकायची. डाग कापून उरलेली खाणं ही काटकसर नव्हे.

भाताचं तसं नाही. तांदळावर बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. ओलसर, कोमट भातात ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करणारं त्यांचं विष असं आहे की भात पुन्हा उकळला तरी ते टिकतं. म्हणून ‘उकळलं की शुद्ध’ हे इथे खोटं ठरतं. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि 5 ते 60 अंश सेल्सिअस हा टप्पा धोक्याचा मानावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मे महिन्यात नांदेडचा पारा 42 अंशांपलीकडे जातो, तेव्हा ओट्यावरचं पातेलं बरोबर त्या टप्प्यात असतं. यावर ठरलेली हरकत येते: ‘आमची आजी जन्मभर शिळं खात आली, तिला काय झालं?’ आजीचं खरंच आहे, फक्त ती काय खात होती ते आठवायला हवं. ज्वारीच्या या मुलखात भात हा सणावाराचा पदार्थ होता. आजीची न्याहारी म्हणजे शिळी भाकरी, किंवा ताकातली आंबील, जिच्या आंबटपणात बहुतेक अपायकारक जिवाणू फोफावत नाहीत. आजीचा अनुभव भाकरीचा आहे. तो रात्रभर झाकून ठेवलेल्या मसालेभाताला लावता येत नाही. फ्रिज नसेल किंवा वीज बेभरवशाची असेल, तर एक वेळचाच भात लावावा आणि उरवायचीच असेल तर भाकरी उरवावी.

लोहाबद्दल थोडक्यात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत विकसित केलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण 2018ला आलं. त्यात किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम लोह आहे, जे एरवीच्या वाणांत 30च्या आसपास असतं. पण वाण कुठलंही असो, भाकरी चहासोबत खाल्ली तर चहातले टॅनिन लोह शोषू देत नाहीत, आणि लिंबू पिळलं तर शोषण वाढतं. एकट्याची न्याहारी बहुधा चहासोबतच होते. चहा तासभर पुढे ढकलला तरी पुरे. मिठाबद्दलही तितकंच थोडक्यात: नूडल्सच्या पाकिटामागे सोडियमचा आकडा छापलेला असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम मीठ, म्हणजे 2000 मिलिग्रॅम सोडियम.

राहिली भाजी, जी एकट्याच्या ताटातून सगळ्यात आधी जाते. कारण सांगितलं जातं ते असं, की बाजारात पावाच्या खाली कोणी देत नाही आणि पाव किलो एकट्याला संपत नाही, सडते. सडते हे खरं आहे, पण ती जास्त झाली म्हणून नव्हे, न शिजवल्यामुळे. आंबाडी, चुका, करडई, तांदूळजा यांची हिरवीगार जुडी पिशवीत मोठी दिसते आणि शिजली की मूठभर होते. त्यात दुसरी मूठ तुरीची डाळ घातली की तीच वरण आणि तीच भाजी, एकाच पातेल्यात. वांगी, दोडका, भेंडी तीन-चार दिवस टिकतात, पालेभाजी आणली त्या दिवशी करावी, एवढा क्रम पाळला तर टाकायला फारसं उरत नाही. आणि बटाट्याला भाजी धरू नका; जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबातही तो भाजीत येत नाही. तेव्हा पुढच्या आठवडी बाजारात मेथी घेताना ‘एवढी कशाला, एकटीच तर आहे’ म्हणून हात आखडू नका. पाव किलो म्हणजे 250 ग्रॅम. एका माणसाच्या एका दिवसाच्या भाजीला अजून 150 ग्रॅम कमीच आहेत.